माझी जुनी साक्ष

वजन कमी करण्यासाठी केलेली पोटाची शस्त्रक्रिया पुन्हा करून घ्यावी की नाही, हा प्रश्न मी कित्येक महिने टाळत होते. एरवी मी टाळाटाळ करणारी बाई नाही. काम दिसलं की यादीत लिहायचं, उरकायचं आणि पुढच्याला लागायचं, ही माझी रीत. हे एक काम मात्र उरकत नव्हतं.

पहिल्या शस्त्रक्रियेनंतर वजन उतरलं, साखर आटोक्यात आली. मी चर्चच्या मंडळीत उभी राहून साक्ष दिली, की प्रभूने मला बरं केलं. ती लोकांना आवडली. आसपासच्या गावांत महिला मंडळाची सभा असली की मला बोलावणं येऊ लागलं. मग हळूहळू वजन परत चढलं. तेही सोसलं असतं, पण चार घास खाल्ले की आंबट पाणी घशाशी यायचं, छाती जळायची, आडवं झालं की ठसका लागायचा. डॉक्टर म्हणाले, "आधी तपासण्या करू. गरज वाटली तर जुन्या शस्त्रक्रियेत बदल करता येईल, पण ते पहिल्यापेक्षा अवघड असतं. विचार करून सांगा."

भीती होतीच. पण खरं घोडं अडलं होतं दुसरीकडेच. पुन्हा शस्त्रक्रिया करायची, म्हणजे दिलेली साक्ष खोटी ठरवायची, असं मला वाटे. नवरा शेवटी वैतागून म्हणाला, "अगं, देवाची अब्रू सांभाळायचं काम तुला कुणी दिलंय?" मला हसू आलं नाही.

अशातच तिसगावच्या पाळकबाईंचा फोन आला. "ताई, तुमची ऑपरेशनची साक्ष सांगा ना. बायकांना धीर येतो." नाही म्हणवेना. नागापूरला एसटीत बसल्यापासून मी एकच प्रार्थना करत होते, की प्रभू, आज काय बोलू ते तूच सांग. उत्तर काही मिळालं नाही.

सभेत माझी पाळी यायच्या आधी एक आजी न बोलावता उठल्या. जवळच्या वस्तीवरून आल्या होत्या. आमची ओळख नव्हती. शेजारणीच्या खांद्याचा आधार घेऊन त्या म्हणाल्या, "माज्या डोळ्याचं आपरेशन झालं तवा म्या हितंच सांगितलं हुतं, देवानं डोळं दिलं म्हनून. आता परत धुकं आलंय. डॉक्टर म्हनतो, परत यावं लागंल. तर आमची जाऊ म्हनती, तवा तर लई देवानं, देवानं करीत हुतीस!"

बायका खो खो हसल्या. आजी थांबल्या नाहीत. "म्या म्हनलं, गप गं. त्या आंधळ्याला प्रभूनं हात लावला, तवा त्याला मान्सं झाडावानी दिसली. त्यानं खरं सांगितलं, नीट दिसत न्हाई. मंग प्रभू रागावला व्हय? परत हात ठिवला की! म्या बी सांगती, नीट दिसत न्हाई. सोमवारी चाल्ले दवाखान्यात."

बायबलमधली ही गोष्ट मी रविवारच्या शाळेत कितीदा तरी शिकवली आहे. पण त्या माणसाने 'नीट दिसत नाही' हे थेट प्रभूच्या तोंडावर सांगितलं, तिथे मी कधी थांबलेच नव्हते.

माझं नाव पुकारलं. तयार केलेलं भाषण आठवेना. मी एवढंच म्हणाले, "पहिल्यांदा प्रभूने बरं केलं, ते खरं. आता मला पुन्हा त्रास होतोय, हेही खरं. डॉक्टरांकडे जायला मला लाज वाटते." मग त्याच आजी म्हणाल्या, "लाज कशाची बाई? चला माज्यासंगं सोमवारी!" पुन्हा हशा झाला आणि त्यात माझं रडू लपून गेलं. नंतर बायकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली.

बसची वाट पाहतानाच मी डॉक्टरांना फोन लावला. तपासण्या झाल्या. अन्ननलिकेला इजा होऊ लागली आहे, तेव्हा पोटाची बायपास शस्त्रक्रिया करणंच बरं, असं ठरलं. आता तारीखही मिळाली आहे. वजन किती उतरेल, याची हमी डॉक्टर देत नाहीत आणि मीही मागितली नाही. देवाने कितीदा हात लावायचा, हे मी परस्पर ठरवून बसले होते. तो अधिकार माझा नव्हता, एवढं कळलं आणि झोप लागू लागली.

त्या आजींचं नाव विचारायचं मात्र राहून गेलं. रोज प्रार्थनेत मी म्हणते, "प्रभू, त्या आजींचा डोळा." कुठल्या आजी, हे त्याला सांगावं लागत नाही.