टिकलीच्या मागे कॅमेरा

आंधळगावच्या आमच्या घरी कोसा रेशमाचा हातमाग आहे. एकदा व्यापाऱ्याने साडी परत पाठवली. वीण कुठे दाट, कुठे विरळ. बाबांनी ती घडी न मोडता कपाटात ठेवली.

"आणखी एक वापस आली त माग विकून टाकतो," ते म्हणाले. "हात म्हातारा झाला."

मी तेव्हा नोकरी सोडून घरी बसलो होतो आणि संगणकाला चित्रं काढायला शिकवत होतो. हात कुठे चुकतो ते शोधून देतो, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. आईच्या टिकल्यांच्या पाकिटातली लाल टिकली घेऊन धागा ठोकणाऱ्या फणीवर चिकटवली. समोर कॅमेरा ठेवला. लाल ठिपका हलेल तशी पडद्यावर रेघ उमटायची. दिसायला फार सुंदर.

पहिल्याच तासाला रेघ मागावरून उडाली आणि दारापर्यंत गेली. आई चहा घेऊन आली होती. कॅमेऱ्याला तिच्या कपाळावरचं कुंकू जास्त आवडलं होतं.

ते निस्तरलं. दुसऱ्या दिवशी रेघ नीट चालली, पण थोड्या थोड्या वेळाने सपाट व्हायची, मग डगमगत पुन्हा सुरू व्हायची. मी पडदा बाबांपुढे धरला. "बघा, इथं हात थकून राहिला. इथं पण."

बाबा मागावरून उठले आणि ओट्यावर जाऊन बसले. माझं तोंड उतरलं.

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "हात कायले थकते? तू घडीघडी येऊन पाहून राहिला, म्हणून ते थांबून राहिले. काल त भांग पाडून बसले होते कॅमेऱ्यापुढं."

तिसऱ्या दिवशी आईने मला अंगणात बसवलं. दिवसभर आतून खटखट ऐकू येत होती. संध्याकाळी बाबांनीच हाक मारली. पडद्यावरची रेघ सरळ, एकसारखी. मध्ये एकच खाच.

"इथं धागा तुटला. जोडला," त्यांनी बोट ठेवून सांगितलं. माझ्यापेक्षा भराभर वाचत होते. मग कपाटाकडे पाहून म्हणाले, "ते वापस आलेली साडी कवा विणली, मालूम हाय का तुले? तू नोकरी सोडून आला, त्या हप्त्यात. दिवसभर माह्या बाजूले बसून बोलून राहिला होता."

माग विकायचा विषय तिथेच संपला. बाबा विणत असताना आत यायला मात्र मला अजून मनाई आहे.