फोन नाई, ग्रुपवर टाका

दुलीचंदभाऊ मुंगीवर पाय देणारा माणूस नाई. लामत्याकडच्या आमच्या वीज सबस्टेशनवर तो सव्वीस वर्षं ऑपरेटर. मी दुसऱ्या पाळीचा. काम एवढंच, लाईनमन खांबावर चढला का लाईन बंद ठेवाची, उतरला का चालू कराची. त्याच्या पाळीत कधी कोणाले चटका नाई लागला. काहून? लाईनमनचा आवाज सोताच्या कानानं आयकल्याबिगर तो लाईन चालूच नाई करे. "उतरला का रे? जमिनीवर पाय हाय का?" पोट्टे चिडत, पण "हौ काका, हौ" म्हणत.

मंग नवा साहेब आला. म्हणे, "फोन करू नका, सगळं ग्रुपवर टाका. पुरावा राहते." ठीक हाय बाप्पा! पण ग्रुप तो कायचा? लाईन बंद केल्याचं त्यातच, गुड मॉर्निंग त्यातच, साहेबाच्या पोरीचा रिझल्टबी त्यातच. अन् साहेबाचा वाढदिवस आला का सत्तर जणांनी बधाई टाकाची. कोणी नाई टाकली ते ऑफिसातला विवेकबाबू पाहे. मागच्या साली दुलीचंदभाऊची राह्यली, तर दोन महिने सुट्टी नाई भेटली बिचाऱ्याले. आता बधाई चुकू द्याची नाई, असं त्यानं मनात धरलं.

यंदा साहेबाच्या वाढदिवशीच लाईनमन राकेशनं एक लाईन बंद करून घेतली. लाईन बंदच हाय म्हणून दुसरा लाईनमन महेंद्रबी चार खांब पुढे आपलं काम उरकाले गेला. चढाच्या आधी त्यानं ग्रुपवर टाकलं, "मीबी याच लाईनवर चढून राह्यलो, चालू करू नका." अकरा चौदाले. राकेश खांबावर होता, त्यानं काई पाह्यलं नाई. अकरा एकतीसले तो उतरला अन् टाकलं, "काम झालं, चालू करा." मधात केक, फुलं, हात जोडलेले, सारा कचरा. दुलीचंदभाऊनं शेवटचं वाचलं अन् लाईन चालू केली.

महेंद्र खांबावरच गेला. अठ्ठावीस वर्षांचा होता.

सांजेले त्याच सत्तर जणांनी त्याच ग्रुपवर नमन टाकलं. वर केक, खाली नमन. थू तुमच्या जिंदगानीवर! दुलीचंदभाऊले सस्पेंड केल्याची नोटीसबी साहेबानं तिथंच टाकली.

त्यानंतर दुलीचंदभाऊचं एकच, "मले मेसेज दिसलाच नाई गा." घरच्याइले सांगे, चहावाल्याले सांगे. मलेबी ते खरं वाटे. हेच महेंद्रच्या बायकोले, आम्रपालीले, तोंडानं सांगाचं होतं त्याले. तिनं एकदा "जाऊ द्या काका" म्हटलं का आपण जगलो, असं म्हणे. पंधराव्या दिवशी मले घेऊन गेला.

ती ओसरीवर लेकरू घेऊन बसली होती. हा तिच्यासमोर जमिनीवरच बसला. "पोरी, त्या बधाईच्या गर्दीत मले दिसलाच नाई वं. दिसला असता तर..." अन् रडालेच लागला.

आम्रपाली उठली. महेंद्रचा मोबाईल घेऊन आली. चढतानी त्यानं तो खाली थैलीत ठेवलता, म्हणून वाचला. तिनं ग्रुप उघडला अन् त्याच्यापुढे धरला.

महेंद्रचा मेसेज, अकरा चौदा. त्याले लागूनच खाली, अकरा पंधरा, "जन्मदिन की हार्दिक बधाई सर." नाव दुलीचंदचं.

"काका," ती म्हणे, "तवा मोबाईल तं तुमच्या हातातच होता."

त्यानं मोबाईल हातात घेतला अन् ते दोन मेसेज पुन्हा पुन्हा वाचत राह्यला. शेवटी तिलेच त्याच्या हातातून मोबाईल सोडवून घ्या लागला.