तांबडी कोंबडी आणि अण्णांचं सोडियम

कोंबडी आमच्या घरात शिरताना मी पाहिली नाही. ती अण्णांच्या पायाशी बसली, तेही मी पाहिलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जो काही पराक्रम केला त्याचं मूळ एवढंच आहे: जे मला दिसलं नाही ते घडलंच नाही, अशी माझी पक्की समजूत होती. चहा घ्या, आणि हसायचं असेल तर मोकळेपणाने हसा. माझी भीड बाळगू नका. आमच्या घरात आता कुणीच बाळगत नाही.

मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवते. हो, तर्कशास्त्र! हे लक्षात असू द्या.

अण्णा म्हणजे माझे सासरे. सगळं आयुष्य कोठीच्या बाजारातल्या त्यांच्या स्टेशनरीच्या दुकानात गेलं. मी पुण्याची, ते इथलेच. त्यामुळे त्यांचं वाक्य मराठवाड्यात सुरू होऊन चारमिनारपाशी संपतं. गेल्या हिवाळ्यात ते बाथरूममध्ये घसरले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या. एक, प्रोटीन फार कमी आहे, अंडी द्या. आमच्या घरात अंडं येत नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. मग डाळ आणि पनीर यांवर तडजोड झाली. दुसरी, या वयात ऑपरेशननंतर कधीकधी भ्रम होतो. नसलेल्या गोष्टी दिसू लागल्या तर ताबडतोब कळवा.

‘ताबडतोब’ हा शब्द मी मनात अधोरेखित करून ठेवला.

आणि अण्णांनी घरी येताच जाहीर केलं, “आता पुन्हा हॉस्पिटल नक्को. मेलो तरी इथं घरी, नारायणगुड्यातच.”

मी कॉलेजात, माझा नवरा सुधीर ऑफिसात. म्हणून रोज दिवसभरासाठी नर्सिंग एजन्सीच्या सुगुणा सिस्टर येऊ लागल्या. वरंगलकडच्या, तिशीच्या आतल्या, कामाला चोख. अण्णांना त्या ‘तातय्या’ म्हणायच्या, म्हणजे तेलुगूत आजोबा. अण्णा त्यांना ‘सिस्टरम्मा’ म्हणायचे. संध्याकाळी मी घरात पाऊल टाकलं की त्या खांद्यावर मोठी कापडी थैली लावून दारात तयारच असत. इतकी घाई कशाची, असा प्रश्न कोणत्याही विचारी माणसाला पडला असता. मला पडला नाही.

पहिल्याच आठवड्यात एकदा चहा पिता पिता अण्णा म्हणाले, “सूनबाई, आज कोंबडी आली होती.”

“कुठे?”

“इथंच. पायापाशी बसली अन् टकामका बघू लागली माझ्याकडं.”

“कोंबडी आली कुठून, अण्णा? आपण तिसऱ्या मजल्यावर राहतो.”

“कूलरमधून.”

खिडकीशी आमचा जुना कूलर होता, थंडीमुळे बंद. मी त्याच्याकडे पाहिलं. मग अण्णांकडे पाहिलं. हात लांब केला असता तर त्याचं झाकण उघडता आलं असतं. पण कूलरमध्ये कोंबडी नसते, हे ज्ञात असताना कूलर उघडून पाहणं म्हणजे तर्काचा अपमान नाही का?

“आणि आता कुठे आहे ती?” मी शक्य तितक्या शांतपणे विचारलं.

“तिची ड्यूटी संपली. सिस्टरम्माच्या थैलीत बसून गेली.”

भ्रम! तोही इतका तपशीलवार!

सुधीरला सांगितलं तर तो हसायला लागला. “अगं वैदेही, अण्णा मजाक करत असतील.”

“मजाक हे निदान नव्हे,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर येताच मी त्यांना बाजूला घेतलं. “सिस्टर, अण्णांना कोंबडी दिसते.”

त्यांचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला. पेशंटविषयी केवढी ही आस्था, असं मला वाटलं!

“म्याडम, तातय्या का दिमाग एकदम साफ है. आप परेशान नक्को हो.”

“सहानुभूती नको सिस्टर, निरीक्षण हवं. तुम्हाला काय दिसतं?”

“म्याडम, मेरेकू एक बात बोलना था…”

“फक्त लक्षणं सांगा. झोप? लघवी? ताप?”

त्यांनी झोप, लघवी आणि ताप सांगितला. बिचाऱ्या आणखी काय सांगणार? मी दुसरा पर्यायच ठेवला नव्हता.

त्यानंतर कोंबडीचे वृत्तान्त रोज येऊ लागले. ती तांबडी आहे. तिचं नाव बुज्जी. तिला मुरमुरे आवडतात, पण दूरदर्शनवरच्या बातम्या लागल्या की पाठ फिरवून बसते. “शहाणी आहे,” अण्णा म्हणाले. मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी रक्तातलं सोडियम तपासायला सांगितलं. सोडियम किंचित कमी निघालं, आणि मी, खोटं कशाला सांगू, जिंकल्यासारखी रिपोर्टची चिठ्ठी सुधीरच्या नाकासमोर नाचवली. कोंबडीचं कारण सापडलं होतं!

डॉक्टरांनी रात्रीची एक सौम्य गोळी दिली आणि म्हणाले, “सोमवारपर्यंत फरक पडला नाही तर ॲडमिट करू. मेंदूचा स्कॅनही करून घेऊ.”

गोळीमुळे अण्णा सकाळी उशिरापर्यंत सुस्त राहू लागले. वर्तमानपत्र छातीवर तसंच पडून राही. वॉकर धरून दारापर्यंत जायचे, तेही थांबलं. मला वाईट वाटत होतं हो. मी काही दगड नाही. पण उपचार म्हणजे उपचार.

अशातच शनिवारी मी दुपारी लवकर घरी आले. सिस्टर स्वयंपाकघरात पाणी गरम करत होत्या, अण्णा डुलकी घेत होते. त्यांची चादर नीट करायला गेले तर लोडाखाली हाताला काहीतरी लागलं.

अंडं!

आमच्या घरात! अण्णांच्या अंथरुणात! सासूबाई असत्या तर अण्णांना गादीसकट बाहेर काढलं असतं. मी ते चिमटीत धरून स्वयंपाकघरात गेले.

“सिस्टर, हे काय आहे?”

“अंडा है, म्याडम.”

“ते मला दिसतंय. कुणाचं?”

सिस्टरांनी गॅस बारीक केला. मग अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, “मेरा.”

आता माझा युक्तिवाद ऐका. अंडं हाताला कोमट लागत होतं. कोमट, म्हणजे नुकतंच उकडलेलं. डॉक्टरांचं प्रोटीनबद्दलचं म्हणणं सिस्टरांच्या कानावर होतं. म्हणजे स्वतःच्या डब्यातलं उकडलेलं अंडं त्या अण्णांना चोरून भरवत होत्या. आणि अंडी पोटात जात असल्यामुळेच अण्णांच्या अपराधी मनाला कोंबडी दिसत होती! साखळीतली एक कडी निखळलेली दाखवा पाहू! अंडं कोमट असण्याचं आणखीही एक कारण जगात असू शकतं, हे नारायणगुड्यातल्या कुठल्याही पोराला सुचलं असतं. पण ते पोर एम.ए. नव्हतं.

“पुन्हा असं झालं तर एजन्सीला कळवावं लागेल,” मी म्हणाले. “आणि सोमवारी अण्णांना ॲडमिट करतोय. मेंदूचा स्कॅन आहे.”

सिस्टरांच्या हातातलं भांडं सिंकमध्ये पडलं.

त्या संध्याकाळी त्यांच्यात आणि अण्णांत काय बोलणं झालं, तेही मी ऐकलेलं नाही. रविवारी सकाळी मात्र अण्णा ताठ बसलेले. दाढी केलेली, केस विंचरलेले.

“अण्णा, कोंबडी?”

“कोणती कोंबडी?”

“तांबडी. बुज्जी.”

“काय की बाई. कूलरमध्ये कधी कोंबडी असती का?”

माझा विश्वास बसेना. मी रीतसर परीक्षा घेतली.

“आज वार कोणता?”

“रविवार.”

“आपण कुठे आहोत?”

“माझ्या घरात. तू ठेवशील तोवर.”

“मुख्यमंत्री कोण?”

“नाव सांगतो. मत विचारू नको, पुन्हा गोळी देशील.”

बरे झाले! संपूर्ण बरे झाले! मी डॉक्टरांना फोन करून सोमवारचं रद्द केलं, गोळी बंद झाली आणि संध्याकाळी खास कोठीत जाऊन पेढे आणले. पहिला पेढा अण्णांना दिला. दुसरा घेऊन दाराशी गेले. सिस्टर नेहमीप्रमाणे थैली खांद्याला लावून उभ्या होत्या.

“सिस्टर, मी काल रागाने बोलले. पण अण्णा तुमच्या सेवेमुळे बरे झाले. घ्या.”

सिस्टरांनी पेढा हातात घेतला आणि ओक्साबोक्शी रडायला लागल्या. माझेही डोळे भरून आले. मी पुढे होऊन त्यांना जवळ घेतलं. आणि आमच्या दोघींच्या मध्ये दबलेली ती थैली स्पष्ट, खणखणीत आवाजात म्हणाली,

“क्वॉक्!”

मी मागे सरकले. थैलीच्या तोंडातून एक तांबडी मान बाहेर आली, तिने माझ्याकडे टकामका पाहिलं आणि सिस्टरांच्या हातातला पेढा टिपला.

आतून अण्णांचा आवाज आला, “सूनबाई, तुला पण दिसायला लागली का? गोळी देऊ?”

मग सगळं बाहेर आलं. बुज्जीला सिस्टरांच्या आईनेच गावाहून पाठवलं होतं, कालवणासाठी. पण बसमध्ये ती सिस्टरांच्या मांडीवर झोपून गेली, आणि मांडीवर झोपलेल्याची करी करायची कशी? हॉस्टेलच्या गच्चीवर ठेवली, तर मालकीणबाई म्हणाल्या, आठ दिवसांत हिचा निकाल लावा, नाहीतर मी लावते. दिवसभर तिला त्यांच्या हाती सोडायचा धीर होईना, म्हणून थैलीतून ड्यूटीवर. कूलरच्या आतल्या वाळक्या गवतावर ती अशी खूश, की जणू कंपनीने ते तिच्यासाठीच भरलं होतं.

“मैं तो उसी दिन बोलने वाली थी, म्याडम,” सिस्टर डोळे पुसत म्हणाल्या. “आप लघवी पूछे.”

“आणि अण्णा, तुम्ही? तुम्ही माझ्याशी चक्क खोटं बोललात?”

अण्णांनी पेढ्याचा उरलेला तुकडा तोंडात टाकला. “बाई, खरं बोललो तर तू गोळी दिलीस. झूठ बोललो तर पेढा. माणूस किती दिवस खरं बोलंल?”

मी ज्या विषयाचे पेपर तपासते, त्या विषयाच्या एका संपूर्ण प्रकरणाला पुरेल असं ते वाक्य आहे. वर्गात मात्र मी ते अजून वापरलेलं नाही.

सिस्टरांची ड्यूटी संपून महिने झाले. त्या दर रविवारी येतात. अण्णांना भेटायला, असं अण्णा मानतात. बुज्जी आमच्याकडेच राहिली. एजन्सीला मी काहीही कळवलं नाही. उन्हाळ्यात नवा कूलर घ्यावा लागला, कारण जुन्यात राहणारीने जागा सोडायला नकार दिला. अण्णा वॉकर टाकून तिच्यामागे घरभर फिरतात आणि व्यायाम झाला असं म्हणतात.

एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. शेवटच्या तपासणीला आम्ही सगळे गेलो होतो, सिस्टरसुद्धा. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून भुवया उंचावल्या. प्रोटीन झकास वाढलं होतं.

“शेवटी अंडी सुरू केलीत ना?”

“नाही. आमच्या घरात अंडं खात नाहीत,” मी म्हटलं.

सिस्टर जमिनीकडे पाहू लागल्या. अण्णा छताकडे.

“डाळ चांगली होती,” अण्णा म्हणाले.

आता, बुज्जी तेव्हा जवळजवळ रोज अंडं घालत होती, हे सिस्टरांनी स्वतः मला सांगितलं आहे. त्या स्वतः तिचं अंडं तोंडात घालत नाहीत; अपनी बच्ची का अंडा कैसे खाऊँ, म्हणतात. मला सापडलं ते फक्त एक.

बाकीची कुठे गेली, हे मी पाहिलेलं नाही.