जिना पुन्हा डावीकडे

जिना पुन्हा डावीकडे गेला होता. नसीमाने नकाशात तो उजवीकडे घेतला होता म्हणे. प्रिंटमध्ये मात्र तो डावीकडे आला, आणि आपट्याच्या बंगल्यावर गवंड्याने प्रिंट बघून डावीकडेच बांधून टाकला. जनाशेठ ती प्रिंट टेबलावर आपटत होते आणि मी खुर्चीच्या टोकाशी बसून पाय हलवत होते.

"आमी सांगतो एक, ही करते दुसरंच," शेठ म्हणाले. "एक तारकेपासून हिनं यायचं नाय. मंग तुमचं सॉफ्टवेअर चांगलं का वाईट, ते तुमी बगा." आणि केबिनमध्ये निघून गेले.

"कसम से मॅडम, मी केलं होतं," नसीमा म्हणाली. "दरवेळी करते."

मी टेस्टर. सॉफ्टवेअर गिऱ्हाइकाकडे जायच्या आधी ते कुठे मोडतं हे बघणं माझं काम. आमचं सॉफ्टवेअर फोल्डर सिंक करतं, म्हणजे एका कॉम्प्युटरवर फाइल बदलली की बाकीच्यांवर ती आपोआप बदलते. पनवेलच्या या बिल्डरच्या ऑफिसात तीन मशिनं, तिन्हींची जात वेगळी. शेठच्या केबिनमध्ये विंडोज, नकाशे काढणाऱ्या नसीमाकडे मॅक, आणि सगळ्या फाइल साठवायला कोपऱ्यात लिनक्सचा डबा. तिन्हींवर चालतं अशी आमची जाहिरात, आणि तिन्हींवर तपासून 'पास' म्हणणारी मीच. मला चैन कसं पडणार?

तेवढ्यात अमेयचा फोन. तो आमचा मॅनेजर. "अगं, मॅकवर तिचंच काहीतरी चुकत असेल. युजर एरर लिही आणि निघ."

युजर एरर म्हणजे सॉफ्टवेअर बरोबर, वापरणाऱ्याची चूक.

"मी तसं लिहिलं तर त्या मुलीची नोकरी जाईल, अमेय."

"ते आपण बघायचं का?"

डोकंच फिरलं. फोन कट केला.

मॅकवर फाइल बदलली, धावत जाऊन लिनक्सवर बघितली. बरोबर. नाव बदललं, बरोबर. नेटवर्कची वायर उपटून परत लावली, तरी बरोबर. छे! चहा प्यायला खाली उतरले, तो तसाच टाकून एसटी स्टँडपर्यंत चालत गेले आणि परत आले. परत आल्यावरही उभीच.

"मॅडम, तुम्ही जरा बसा ना," नसीमा म्हणाली. "तुम्हाला बघून मलाच घाबरायला होतंय."

"बरं, मला सांग, हे होतं तेव्हा नेमकं काय चाललेलं असतं?"

"शेठ केबिनमध्ये नकाशा उघडतात, बघतात, बंद करतात आणि तिथूनच ओरडतात. मी लगेच बदलते."

"लगेच म्हणजे?"

"लगेच म्हणजे लगेच. आवाज ऐकलात ना त्यांचा?"

"आणि शेठ नसतात तेव्हा?"

"तेव्हा कधीच नाही झालं."

मी तडक केबिनमध्ये घुसले. शेठ उठतच होते. "आता नाय, मॅडम. दोन वाजले. पलस्प्याला पार्टी थांबलीय."

माझ्या फोनवर दोन वाजायला अजून पंचवीस मिनिटं होती. भिंतीवर मात्र दोन. त्यांच्या कॉम्प्युटरच्या कोपऱ्यातही दोन.

"शेठ, दोन कुठे वाजलेत?"

"आमचं घड्याल पुडंच असतं," शेठ खूश होऊन म्हणाले. "भिंतीवरचं, गाडीतलं, हे पन. नायतर त्या नाक्यावरच्या ट्रॅफिकमदून कुटं वेलेवर पोचतोय मानूस?"

मी खुर्ची ओढून बसले.

आमच्या सॉफ्टवेअरचा नियम साधा: एकाच फाइलच्या दोन प्रती असल्या, तर जी नंतर सेव्ह झाली ती खरी. पण 'नंतर' कोण ठरवणार? ज्याचं त्याचं घड्याळ. शेठना फाइल बंद करताना सेव्ह दाबायची सवय, काही बदललेलं नसलं तरी. त्यांच्या फाइलवर पुढची वेळ पडायची. नसीमाने लगेच केलेली दुरुस्ती त्यापुढे जुनी ठरायची आणि पुसली जायची. आमच्या लॅबमध्ये सगळी मशिनं इंटरनेटवरून वेळ घेतात. तिथे हे जन्मात सापडलं नसतं.

"शेठ, पार्टीला थांबू द्या. नकाशा उघडा, सेव्ह करा आणि हिच्यावर ओरडा."

त्यात त्यांना काही अवघड नव्हतं. नसीमाने जिना उजवीकडे घेतला, सेव्ह केलं, फाइल बंद केली. शेठ तिच्या मागे येऊन उभे राहिले. थोड्या वेळाने तिने तीच फाइल पुन्हा उघडली. जिना डावीकडे.

"आयला!" शेठ म्हणाले. मग तिच्याकडे वळून, "मंग तू जरा दमानं करायचं ना!"

मला वाटलं, नसीमा आता रडेल. ती भडकली. "दमानं? तुम्ही जितकं ओरडायचात, तितकी मी घाई करायची, शेठ. आणि तेच पुसलं जायचं. अर्ध्या तासाने केलं असतं, तर एकही शिवी खाल्ली नसती मी!"

शेठनी गाडीची चावी घेतली, दारापर्यंत गेले, वळले. "एक तारकेला ये," म्हणाले आणि गेले.

रिपोर्टमध्ये मी 'चूक आमची' असं लिहिलं. अमेय दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही. आता आमचं सॉफ्टवेअर आधी सगळ्या मशिनची घड्याळं ताडून बघतं, मग फाइलला हात लावतं. शेठनी आपलं घड्याळ काही बदललेलं नाही.

तीन सिस्टिम आणून टेस्ट केलं की आपण सगळं बघितलं, असं टेस्टरला वाटतं. त्या सिस्टिमसमोर कोण बसतं, हे बघायचं राहून जातं. म्हणून लॅबमधल्या एका मशिनचं घड्याळ मी कायमचं पुढे करून ठेवलंय. मशिनचं नाव 'शेठ'. त्यावर चालल्याशिवाय मी कशालाही पास म्हणत नाही.