पेइफांगने ओ दिली

आमच्या गल्लीत पेइफांगइतकी भित्री बाई दुसरी नव्हती. कालव्याच्या काठी जन्मली, काठावरच नांदायला आली, पण दिवस कलला की पाण्याकडे पाठ. तांदूळ, भाजी, कपडे, जे काय धुवायचं ते उजेडीच उरकायची. आम्ही बायका मुद्दाम तिन्हीसांजेला पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांवर बसून तिला बोलवायचो, ये की गं, पाणी काय खातंय तुला? ती खिडकीसुद्धा किलकिली करायची नाही. सगळ्यात जास्त मीच चिडवायचे. माझी जीभच तशी.

भ्यायचो आम्ही सगळ्याच म्हणा. दिवेलागणीनंतर पाण्यातून कुणी नाव घेऊन हाक मारली तर ओ द्यायची नाही, हे आमच्याकडे पोरांना बोलायला लागल्या लागल्या शिकवतात. बुडून मेलेल्याला सुटायचं तर दुसरा जीव लागतो. तो ओळखीचा आवाज काढतो. तुम्ही ओ दिलीत की तो सुटला, त्याच्या जागी तुम्ही.

पेइफांग लहान असताना तिची आई अशीच संध्याकाळी तांदूळ धुवायला पायऱ्या उतरली, ती वर आलीच नाही. थोड्या वेळाने खालून हाका यायला लागल्या, "पेइफांग, पेइफांग." पोर धावली, तर आजीने तिचं तोंड दाबून धरलं. सकाळी आई पुलाखाली सापडली. आजी म्हणाली, घसरली तेव्हाच ती गेली होती, हाका मारणारं ते दुसरंच, नशीब तू ओ दिली नाहीस. गावानेही माना डोलावल्या. पेइफांगने ते मनाशी घट्ट धरलं आणि त्यावर सगळं आयुष्य काढलं.

त्या हिवाळ्याच्या तोंडाला एका संध्याकाळी असं धुकं उतरलं की समोरचा पूल दिसेना. मी पेइफांगच्या मागच्या स्वयंपाकघरात शिंगाडे सोलत बसले होते. तिची सासू चुलीपाशी होती. कालव्याकडच्या दाराला कडी. होडीतून शिंगाडे विकणारी गनमेई आमच्या गळ्यात निम्मे किडके मारून गेली होती, म्हणून आम्ही तिचा उद्धार करत होतो.

तेवढ्यात खालून हाक आली. "पेइफांग."

घोगरा, घरघरणारा आवाज. बाईचा की पुरुषाचा कळेना. सासूने फुंकर मारून दिवा विझवला. शेजारच्या घरांच्या कड्या एकेक करून लागताना ऐकू आल्या, म्हणजे सगळ्यांनीच ऐकलं होतं. माझ्या हातातला शिंगाडा गळून पडला. पुन्हा हाक आली, मग पुन्हा, आणि प्रत्येक वेळी आवाज बारीक होत गेला.

पेइफांग उठली. सासूने झडप घालून तिच्या तोंडावर हात दाबला. पेइफांग क्षणभर तशीच उभी राहिली. मग तिने सासूचं मनगट धरलं आणि तो हात खाली केला.

"ओ," ती म्हणाली. आवाज चिरकला. मग जोरात म्हणाली, "ओ! आले!"

संपलं, मला वाटलं, गेली ही.

तिने कडी काढली, कपडे वाळत घालायचा बांबू उचलला. भीती गेली होती असं समजू नका. ती बसून, ढुंगण घासत एकेक शेवाळलेली पायरी उतरली. मी मागून तिचा सदरा धरला होता. खाली होड्या बांधायच्या दगडी कडीला एक पांढराफटक हात चिकटला होता. हात लावू नकोस, असं मी रडत सांगत होते. तिने बांबू पुढे केला, पण तो धरायला त्या हातात जोर नव्हता. मग ती वाकली आणि तिनेच मनगट धरलं.

"ओढ ना गं बये," पाण्यातून आवाज आला. गनमेई होती.

धुक्यात पुलाच्या खांबावर आपटून तिची होडी उलटली होती. आम्ही तिला वर ओढलं, चुलीपुढे बसवलं, सासूने आल्याचं गरम पाणी दिलं. दात वाजत असतानाही तिचं तोंड सुरू झालं. इतक्या हाका मारल्या, सगळ्या बहिऱ्या झाल्यात का? मी म्हटलं, आवाज कसला काढला होतास मेले, आम्हाला ते दुसरंच वाटलं.

"नाकातोंडात पाणी गेल्यावर कुणाचा आवाज मंजुळ राहतो गं?"

पेइफांग गनमेईचे केस पुसत होती. तिचा हात थांबला.

"तो आवाजही असाच होता," ती म्हणाली. "म्हणजे ती आईच होती."

सासू चुलीतली राख उगाच उकरत राहिली.

"बराच वेळ मारत होती हाका," पेइफांग म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तिच्या मागच्या दाराची कडी वाजली. शेजारच्या माझ्या खिडकीतून पाहिलं तर ती एकटीच अगदी खालच्या पायरीवर बसलेली, पाऊल पाण्याला टेकलेलं. कुणी हाक मारली नव्हती. तरी ती पाण्याकडे बघून म्हणत होती, "ओ, आई. आले."

मी धावत खाली गेले आणि मागून तिचा सदरा घट्ट धरून बसले.