कोणतीही चार लक्षणे लिहा

विद्या गेली त्या गुरुवारी दुपारी आम्ही दोघी शाळेच्या स्टाफरूममध्ये आठवीचे विज्ञानाचे पेपर तपासत बसलो होतो. वीस वर्षं अशाच शेजारी-शेजारी बसलो. संध्याकाळी साडेसहाला तिच्या मुलीचा, स्नेहलचा फोन आला. "मावशी, आई गेली." मी म्हटलं, "कुठं गेली?" देवाशप्पथ, असंच म्हटलं मी... शाळेतून घरी जाऊन विद्यानं चहा ठेवला, तेवढ्यात तिला घाम फुटला. कसंतरी होतंय म्हणाली. घरचे तिला गाडीत घालून कोल्हापूरला निघाले, तर गावाला लागून असलेलं कबनूर ओलांडायच्या आतच सगळं आटोपलं. हार्ट अटॅक. या गोष्टीला सव्वा महिना झाला आणि मला अजून एका जागी बसवत नाही. भाजी फोडणीला टाकते, गॅलरीत जाऊन उभी राहते, भाजी करपते. नवरा विचारतो, "काय हुतंय तरी काय तुला?" काय सांगू त्याला?

विद्या चौगुले जीवशास्त्र शिकवायची, मी भौतिक आणि रसायन. ती जैनाच्या घरातली, कांदा-लसूण कधी तोंडाला लागला नाही. पण कांद्याच्या पापुद्र्याची स्लाइड करायचे दिवस आले की बाजारात जाऊन चांगले टपोरे कांदे स्वतः निवडून आणायची. भाजीवाली दरवर्षी न चुकता बोंबलायची, "अगं बया, चौगुले बाई कांदं न्ह्यायला लागल्या! आता झालं कल्याण!" विद्या तिच्यावर ओरडायची, "खायला न्हाय गं, पोरांस्नी दाखवायला!" मग आठ दिवस तिच्या पर्सला कांद्याचा वास आणि आमची चेष्टा. इचलकरंजीतली आमची शाळा, वर्गाच्या खिडक्यांमागं यंत्रमागांचा कारखाना, दिवसभर खटखट. त्या आवाजावर मात करून शिकवायचं म्हणजे घसा पाहिजे, आणि तो तिला होता. मी म्हणायची, तुझं रक्ताभिसरण एव्हाना मागवाल्यांनासुद्धा पाठ झालं असंल. ती म्हणायची, होऊ दे की, त्यांना काय रक्त न्हाय?

आमचं एकदाच कडाक्याचं भांडण झालं. सात-आठ वर्षं झाली असतील त्याला. आठवीच्या वार्षिक परीक्षेत प्रश्न होता : हृदयविकाराची कोणतीही चार लक्षणे लिहा. पेपर तिचा, पण गठ्ठे आम्ही वाटून घ्यायचो. एका मुलीनं छातीत दुखणं, घाम येणं, हाताला कळ येणं अशी तीन नीट लिहिली होती, आणि चौथ्याच्या जागी लिहिलं होतं, 'माझ्या आईचा जबडा दुखत होता. तिला दाढ वाटली. तिने लवंग धरली आणि ती कामावर गेली. मागावरच पडली.' मी त्यावर लाल शाईनं काट मारली, 'प्रश्नाला धरून लिहा' असा शेरा दिला आणि चारापैकी तीन गुण दिले. विद्यानं तो पेपर बघितला मात्र, माझ्या टेबलावर आपटला. "शोभे, पोर खरं लिहिती आणि तू काट मारतीस?" मी कुठली ऐकून घेतेय! "खरं असंल, पण नमुना उत्तरात न्हाय. दोन वर्षांनी बोर्ड हाय, तिथला परीक्षक हिच्या आईची चौकशी करत बसणार हाय व्हय?" ती म्हणाली, "मग ते उत्तरच अर्धं हाय." पुढं आठ दिवस आमचं बोलणं बंद. त्या आठ दिवसांत ती एका डॉक्टरांना गाठून विचारून आली आणि नवव्या दिवशी तिनं मलाच ऐकवलं, बायकांचं पुष्कळदा असंच होतं. जबडा दुखतो, पाठ दुखते, मळमळतं, आणि सगळे त्याला पित्त नाहीतर दाढ म्हणतात. गुण मात्र तीनच राहिले. मी बदलले नाहीत.

त्यानंतर दरवर्षी तो धडा आला की विद्या फळ्यावरची लक्षणं संपवून खडू खाली ठेवायची आणि म्हणायची, "आता सांगते ते पेपरात लिहू नका, शोभा बाई काट मारतील. पण घरी जाऊन आईला सांगा." पोरं हसायची. शेजारच्या वर्गातून मला सगळं ऐकू यायचं, आणि मीसुद्धा हसायची.

आणि त्या गुरुवारी, गठ्ठा निम्मा झाला असेल, तेव्हा ती मला म्हणाली, "सकाळपासनं जबडा दुखतोय गं. दाढच असंल, न्हवं?" मी मानही वर केली नाही. म्हटलं, "दाढच असंल. गठ्ठा संपव आधी, उद्या मार्क द्यायचेत." ती "व्हय" म्हणाली आणि पुन्हा पेन उचललं. बस्स, एवढंच. जिनं माझ्याशी त्यापायी भांडण केलं, वर्षानुवर्षं पोरांना घसा फोडून सांगितलं, तीच मला 'न्हवं' म्हणून विचारते, म्हणजे तिला शंका आली होती की नाही? 'ऊठ, चल डॉक्टरकडं' एवढं कुणीतरी म्हणायला पाहिजे होतं, आणि समोर होते मी. कसली मी विज्ञानाची बाई, कपाळ माझं! कधी कधी तिचाच राग येतो. अगं, तुला माहीत होतं ना? मग माझ्यासारख्या ठोंबीला कशाला विचारत बसलीस?

पाचव्या दिवशी भेटायला गेले तेव्हा स्नेहलनं मला बाजूला घेतलं. "मावशी, त्या दिवशी दुपारी आई तुमच्याजवळ काही बोलली होती? काही दुखतंय वगैरे?" माझ्या तोंडातून निघून गेलं, "न्हाय गं. चांगली हसत-बोलत होती." ती म्हणाली, "म्हणजे एकाएकीच झालं." मी मान हलवली.

शाळेच्या अंकासाठी विद्यावर हा लेख लिहायला घेतला आणि तिथंच अडले. खोटं लिहवेना, आणि खरं लिहावं तर ते स्नेहलनं आधी छापलेलं वाचावं हे काही बरं नव्हे. म्हणून परवा तिच्या घरी गेले. ती स्वयंपाकघरात चपात्या लाटत होती. उभ्या उभ्याच सांगून टाकलं. तुझी आई बोलली होती, जबडा दुखतोय म्हणाली होती, आणि मी दाढ म्हटलं. मला वाटलं, ही आता मला घराबाहेर काढणार. काढलं असतं तरी मी काय म्हणणार होते?

स्नेहलनं तव्यावरची चपाती उलटली. पाठमोरीच म्हणाली, "मधल्या सुट्टीत तिनं मलाही फोन केला होता, मावशी. मीही दाढच म्हटलं. दातांच्या डॉक्टरांची शुक्रवारची अकराची वेळ घेऊन ठेवली होती. ती रद्द करायची राहिली... साडेअकराला त्यांचाच फोन आला, पेशंट अजून आल्या नाहीत म्हणून."

तिनं गॅस बंद केला आणि खिडकीतून बाहेर बघितलं. दिवस मावळायच्या आत जेवायचं, हा विद्याचा नेम त्या घरात अजून चालू आहे. स्नेहलनं दोन ताटं घेतली, एक माझ्यापुढं सरकवलं आणि म्हणाली, "बसा. उजेड हाय तवर जेवून घेऊ."