एक्स-रेच्या दारापाशी दिलेलं उत्तर

प्रश्न बायकोला होता, उत्तर मी दिलं.

"दिवस-गिवस तर गेले नाहीत ना?" भंडाऱ्याच्या एक्स-रे दवाखान्यातल्या माणसानं विचारलं. मी लगेच "नाही" म्हणून मोकळा झालो, रेशन दुकानदार साखरेबद्दल म्हणतो तसा. बायको मान खाली घालून उभी होती. परक्या माणसापुढे असलं काही बायकांनी बोलायचं नाही, नवऱ्यानं बोलायचं, ही आमच्या सानगडी गावाची तेव्हाची, म्हणजे ऐंशीच्या आगेमागची रीत. नवऱ्याला त्यातलं कळतं का, हे कोणी तपासत नसे.

आठवड्यापूर्वी ती भाताच्या रोवणीत शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून घसरली होती. तेव्हापासून कंबर धरून चालत होती, म्हणून डॉक्टरांनी कमरेचा फोटो सांगितला. अंगावर धातू नको, म्हणून मंगळसूत्र काढून तिनं माझ्या हातात दिलं. ती आत गेली, आतल्या माणसानं शिशाचा जाड झगा आपल्या अंगावर चढवला आणि दार लागलं. फोटो काढताना पेटतो तो दारावरचा लाल दिवा अजून पेटला नव्हता.

मी बाकावर बसलो. समोर पाटी होती : गर्भवती स्त्रियांनी आधी सांगावे, किरणांमुळे पोटातील बाळास अपाय होऊ शकतो. एकदा वाचली, काही वाटलं नाही. दुसऱ्यांदा वाचली आणि बोटांवर दिवस मोजू लागलो.

मी 'नाही' म्हणालो ते कशावरून? तर बायको महिन्याचे चार दिवस चुलीपासून दूर असली की आमच्याकडे आई वाढते. नवऱ्याला कळायचं ते एवढ्यावरूनच. दोनेक आठवड्यांमागे सलग आईनंच वाढलं होतं. झालं, त्यावर मी ठोकून दिलं. आता आठवलं की तेव्हा बायको रोवणीसाठी दिवसभर भाताच्या बांधीत चिखलात उभी होती, म्हणून आई वाढत होती. मग त्याआधी ती दूर कधी बसली? मागे मागे जात मी लोणच्याच्या आंब्यांपर्यंत पोचलो. तेव्हा आईनं तिला बरणीला हात लावू दिला नव्हता. म्हणजे पाऊसही लागला नव्हता.

आधीचं एक तिसऱ्या महिन्यात गेलं होतं. त्यानंतर कितीतरी दिवस ती ताटावर नुसती बसून राहायची.

त्या माणसानं स्वतःला झगा घातला होता, आणि तिच्या अंगावर नुसतं लुगडं. मी उठलो आणि मूठ वळून दार बडवलं. मुठीतलं मंगळसूत्र तळव्यात रुतलं, ते नंतर कळलं.

दार उघडलं. "काय झालं, भाऊ?"

"थांबा. मले नाही माहीत."

"काय नाही माहीत?"

"तुमी विचारलं ते. मी अंदाजानं बोललो."

त्यानं मला नीट पाहून घेतलं. "बाईनं टेबलावर चढायच्या आधीच सांगितलं. फोटो काढलाच नाही. तुमी बसा, पाणी प्या. तुमचीच तब्येत बिघडून राहिली."

डॉक्टरांनी फोटो रद्द केला. फळीवर निजा, ओझं उचलू नका, रक्त दिसलं तर लगेच या, म्हणाले. 'रक्त' हा शब्द ऐकला आणि मी बायकोच्या कमरेकडे बघितलं. किरण टळले होते, पण घसरणं तर होऊन गेलं होतं.

एसटीत मी तिच्या बाजूला अंग चोरून बसलो. प्रत्येक खड्ड्याला तिच्याकडे बघायचो. ती खिडकीबाहेर बघत होती. कारधा मागे पडलं तेव्हा मी हळूच म्हणालो, "मले काहून नाही सांगितलं?"

"मागच्या खेपेले लवकर सांगितलं होतं," ती म्हणाली. "मंग गेलं. म्हून या खेपेले तोंड उघडायचंच भेव वाटे."

घरी आईला काय सांगायचं, हे मी मनात जुळवायला लागलो. ते तिला कसं कळलं कोण जाणे. पदर सावरून ती म्हणाली, "आईले मीच सांगन. तुमी मधात बोलू नका."